भाच्याची गाडी

लेइमातुआ, वावाऊ
१० फेब्रुवारी १९९७

ती. फिफिताताईस धाकट्या तोआकासेचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे खुशाल आहोत, आणि आज जरा जास्तच, कारण आमच्या दारात गाडी उभी आहे. डोळे चोळून पुन्हा वाचलंस तरी गाडीच दिसेल. पांढरी व्हॅन, सरकत्या दाराची, मागे आठ माणसं आणि वर एखादं डुक्कर सहज मावेल अशी. गेल्या हंगामाची व्हॅनिला विकून जे हाती आलं, ते सगळं हिच्यात घातलं. शुक्रवारच्या बोटीने आली. केपुएली सकाळपासून धक्क्यावर जाऊन उभा होता. बोट दुपारी लागते हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही.

गाडी आमच्या लाविनियावन्संच्या थोरल्याने, मनासेने पाठवली. तुमच्या ऑकलंडातलाच तो, तुझ्याच चर्चमध्ये येतो. जपानी जुन्या गाड्या घेऊन इकडे आपल्या बेटावर बोटीने धाडायचा धंदा काढलाय त्याने. दारावर जपानी अक्षरं अजून तशीच आहेत. पाद्रीबुवा म्हणाले, काहीतरी आशीर्वादच लिहिलेला असणार. हेपेती मेकॅनिक म्हणाला, हो, लाँड्रीचा आशीर्वाद. हेपेतीचं तोंड तुला माहीतच आहे.

ताई, मला गाडीची हौस नाही. लुपेसाठी घेतली. पोरीच्या हृदयाला ते दर महिन्याचं इंजेक्शन मिळालंच पाहिजे, असं डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलंय. गेल्या वर्षी दोनदा बस आली नाही म्हणून चुकलं, आणि दुसऱ्या वेळी तिचे ओठ निळे पडलेले मी पाहिले. त्यानंतर मी नीट झोपलेले नाही. आता बसची वाट बघायची नाही. काल तिला गाडीतून नेइआफू शहरात नेऊन आणलं, सगळा वेळ खिडकीतून हात बाहेर काढून ओळखीच्यांना हाका मारत होती.

एक गंमत सांगते. धक्क्यावर हेपेती सहज म्हणाला, बॉनेट उघड, बघू आत काय काय आहे. केपुएलीने त्याचा हातच धरला. मनासेचे चुलते शेजारी उभे होते. बहिणीच्या लेकाने दिलेली वस्तू मामाने खालीवर करून बघायची का? हेपेती ओशाळला, चुकलो म्हणाला. किमतीतही केपुएलीने एका शब्दाने घासाघीस केली नाही. मला त्या वेळी नवऱ्याचा अभिमान वाटला.

सोबत व्हॅनिलाच्या चार शेंगा ठेवल्या आहेत, पत्रालाच वास लागेल. भाऊजींना नमस्कार. माया आहे तशीच ठेव, एवढंच मागणं.

तुझी
तोआकासे

—

ओटाहुहू, ऑकलंड
२४ फेब्रुवारी १९९७

चि. सौ. तोआकासेस थोरलीचे अ. उ. आ. वि. वि.

पत्र मिळालं. शेंगा सुखरूप पोचल्या, पोस्टमन दारात उभा राहून हुंगत होता. गाडी आली हे वाचून आनंद झाला. गाडी चांगली निघाली असं पुढच्या पत्रात वाचलं की तो पुरता होईल.

रागावू नकोस, पण मी लिहिल्याशिवाय राहणार नाही. तुझ्या नवऱ्याचा तुला अभिमान वाटला, मला मात्र कपाळावर हात मारावासा वाटला. बहिणीचा मुलगा फाहू, मामापेक्षा मानाने वरचा. मामाच्या ताटातलं उचलून खाईल, मामाच्या घरातली चटई मागेल, आणि मामाने हसून द्यायची. हे मलाही आईनेच शिकवलं. पण आजोबांच्या काळी भाचे गाड्या विकत नव्हते गं. इथे आमचे हे गवत कापायचं जुनं यंत्र घेतात तरी त्याचे दात मोजून घेतात.

मनासे पोरगा वाईट नाही. चर्चमध्ये समोरच्या बाकावर बसून खणखणीत गातो, म्हाताऱ्यांना घरी सोडतो. पण तो गाड्या उचलतो कुठून, ते मला माहीत आहे. बंदरामागे एक यार्ड आहे, तिथे पुरात भिजलेल्या गाड्याही धुऊनपुसून उभ्या असतात. सगळ्याच तशा असतात असं नाही. तरी मनासेचे चुलते घरी गेले की हेपेतीकडून बॉनेट उघडून घ्या. कुणी बघायला येणार नाही.

लुपेला माझा पापा दे. तिला म्हणावं, मावशी आली की पुढच्या सीटवर मावशी बसणार. इथे उन्हाळा सरत आला आहे आणि माझे गुडघे कुरकुर करू लागले आहेत, म्हणजे मीही जुनीच गाडी. असो. लहान आहेस म्हणून बोलले, माया कमी झाली असं समजू नकोस.

तुझी
ताई

—

लेइमातुआ
७ एप्रिल १९९७

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं तोंड गोड करावं की त्यात माती घालावी, हेच मला कळेनासं झालंय. तू म्हणालीस तसंच झालं.

आधी रेडिएटर गेला. लुपेला इंजेक्शनला नेताना चढावर गाडीने वाफ सोडली. मग गिअरबॉक्स. हेपेतीने तो खोलला तेव्हा आतून समुद्राची रेती निघाली. रेती, ताई! ही गाडी नुसती पावसात भिजलेली नाही, खाऱ्या पाण्यात बुडून आलेली आहे. हेपेती त्या रेतीकडे बघत म्हणाला, वहिनी, हिला पोहायला येतं, तुम्ही उगाच बोटीचं भाडं भरलंत. मला हसूही आलं आणि रडूही.

दुरुस्तीचं म्हणशील तर नाकापेक्षा मोती जड झालाय. हेपेतीला आधी एक डुक्कर दिलं, मग दुसरं. गिअरबॉक्ससाठी रोख पाहिजे होती. आईने झाडाची साल कुटून कुटून केलेलं ते मोठं कापड, तो न्गातू, मी लुपेच्या लग्नासाठी ठेवला होता. तो मधोमध कापला आणि अर्धा विकला. आई असती तर म्हणाली असती, गाडीला का गं लुगडं नेसवतेस?

आता खरी गोष्ट. इंजिन आता चालतं, पण ब्रेकच्या नळ्या आतून सडल्या आहेत, आणि ज्या पंपातून त्यांत तेल जातं तोही. हेपेतीने जोडजाड केली आहे. पण त्याने हसणं सोडून सांगितलंय की उतारावर जोरात दाबलात तर एक दिवस पाय सरळ खाली जाईल आणि गाडी थांबायची नाही. सुटे भाग इथे मिळत नाहीत. त्याने नाव आणि नंबर लिहून दिलाय, तो सोबत जोडते. तू मिळव आणि कुणाबरोबर तरी पाठव. पार्सलाने नको, जकातीत अडकेल.

तोवर केपुएली फक्त लुपेच्या इंजेक्शनपुरती गाडी काढतो, दुसऱ्या गिअरवर, मुंगीच्या पावलाने. मागे एक मोठा दगड ठेवलाय, थांबलं की उतरून चाकाखाली सारायचा. लुपेने त्या दगडाला नाव ठेवलंय, कंडक्टर.

आणि ताई, पाया पडते, मनासेला काही बोलू नकोस. वन्संच्या कानावर गेलं तर केपुएली मेल्यासारखा होईल. बहिणीला तिच्या मुलाचं उणं सांगायचं, तेही सख्ख्या भावाने? ते त्याच्या तोंडातून निघणार नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार चाललाय, पण चाललाय. आमची काळजी करू नकोस असं लिहिणार होते, पण कर.

तुझी
तोआकासे

—

ओटाहुहू
२१ एप्रिल १९९७

चि. सौ. तोआकासेस अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र वाचून रात्रभर तळमळले. आईच्या न्गातूचं वाचून रडू फुटलं तेव्हा ह्यांनी विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, कुणी नाही, गिअरबॉक्स.

ब्रेकचं सामान मिळालं. नवंकोरं, पंप, नळ्या सगळं. पैशाचं नाव काढलंस तर पुढचं पत्र तुझं तुलाच परत पाठवीन. आता खरी मजा ऐक. ते सामान मी खोक्यात घालून कुणाच्या हाती दिलं असेल? मनासेच्या. तो मे महिन्यात चर्चमध्ये होणाऱ्या मुलांच्या रविवारला घरी येणार आहे, धाकट्या भावंडांची पाठांतरं ऐकायला. मी त्याला बोलले काहीच नाही, तुझी शपथ मोडली नाही. केपुएलीमामाला एवढं दे, इतकंच म्हटलं. पण खोक्यावर सुट्या भागांच्या दुकानाचं नाव ठळक छापलेलं आहे, ते मी मुद्दाम वर ठेवलं. त्याने वाचलं. कान लाल झाले पोराचे. खोकं काखेत मारलं आणि गेला.

ज्याचं पाप त्याच्याच डोक्यावरून वाहून नेऊ दे. मामाच्या हातात खोकं ठेवताना त्याला काय ते समजेल, आणि कुणाला तोंड उघडावं लागणार नाही. तुझी ताई अगदीच मूर्ख नाही, हे मान्य कर.

खोकं पोचलं की दोन ओळी टाक. लुपेचे पाठांतराचे श्लोक नीट झाले का तेही. कंडक्टरला नमस्कार, त्याला लवकरच पेन्शन मिळेल म्हणावं. आशीर्वाद आहेतच, ते पार्सलाने पाठवावे लागत नाहीत.

तुझी
ताई

—

लेइमातुआ
१५ मे १९९७

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

मुलांचा रविवार झाला. लुपे पांढऱ्या झग्यात उभी राहून न अडखळता म्हणाली, फक्त शेवटी धाप लागली. सगळ्या बायका रडल्या, मीही. पण मनासे आला नाही. वन्संना निरोप होता, काम निघालं, पुढच्या बोटीने येतो. पुढची बोट आली, तीतही नव्हता. खोकं कुठे आहे, ताई? तू ते दुसऱ्या कुणाकडे दिलंस का?

काल वन्सं घरी आल्या. ह्या महिनाअखेर हाआपाई बेटांवरून चर्चची गाणारी मंडळी येणार आहेत, त्यांची उतरायची सोय वन्संच्या घरी आहे. त्यांना धक्क्यावरून आणायला गाडी पाहिजे. मागितली नाही, पाहिजे म्हणाल्या. केपुएली मान खाली घालून म्हणाला, तुमचीच आहे, अक्का. दुसरं काय म्हणणार? तो स्वतः चालवायला गेला असता, पण त्या जुन्या वळणाच्या. सख्ख्या भावाशेजारी गाडीत बसणं त्यांना ह्या वयातही चालत नाही, आणि केपुएलीलाही जमत नाही. चर्चचे मोसेसे चालवणार आहेत.

मी धीर करून बोलले. अळूच्या पानात बांधून शिजवलेला लू वाढताना म्हटलं, वन्सं, गाडीचे पाय जरा थकलेत, धक्क्याचा उतार अवघड आहे. त्या हसल्या. म्हणाल्या, माझ्या लेकाने दिलेली गाडी थकायची नाही गं, तुम्हीच तिला गाढवासारखी हाकता. वर माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि लुपेसाठी आणलेली फुलांची माळ तिच्या गळ्यात घातली. ताई, त्या वाईट असत्या तर मला सोपं गेलं असतं. लुपे आजारी होती तेव्हा सात मुलांची ही आई आमच्या घरी येऊन जमिनीवर झोपली होती.

पुढे मला बोलवेना. ब्रेक म्हणायला तोंड उघडलं तर पुढचा शब्द मनासेच येणार. केपुएली बाहेर उभा राहून सगळं ऐकत होता. त्या गेल्यावर त्याने मला विचारलं, सांगितलंस? मी म्हटलं, पायांचं सांगितलं. तो म्हणाला, बरं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत झाली आहे.

पत्र मिळताच काय ते कर. मला भीती वाटते. तुझ्यावाचून कुणाला लिहू?

तुझी
तोआकासे

—

ओटाहुहू
२७ मे १९९७

चि. सौ. तोआकासेस अ. आ.

तुझं पत्र आत्ता हाती आलं. तशीच उठून मनासेच्या खोलीवर गेले. खोकं त्याच्या पलंगाखाली आहे. दोरीसुद्धा सोडलेली नाही. तिकिटाचं जमलं नाही, म्हणू लागला. मग खोटं बोलता बोलताच थांबला आणि म्हणाला, मावशी, मामांच्या हातात हे कसं ठेवू? म्हणून तो गेला नाही. एवढ्यासाठी.

मग मी सगळं बोलले. तुझी शपथ मोडली. रेती, डुकरं, आईचा न्गातू, दगड, आणि त्याची आई त्या गाडीत बसणार आहे हे. त्याला ब्रेकचं ठाऊक नव्हतं म्हणाला, बुडालेली आहे एवढं ठाऊक होतं. पांढरा पडला. आम्ही दोघं फोन करायला धावलो. तुमच्या दुकानदाराचा फोन नुसता वाजतोय, वन्संच्या घरी फोन नाही. तो पहिल्या मिळेल त्या विमानाने निघतो म्हणालाय.

हे पत्र विमानतळावर एका ओळखीच्या बाईच्या हाती देते आहे, म्हणजे लवकर पोचेल. पोचलं तर एवढंच कर. मानपान चुलीत घाल. तू काही त्यांचा सख्खा भाऊ नाहीस, वाईट व्हायचं ते तू हो. किल्ली विहिरीत टाक. चाकं चिरून ठेव. वन्सं जन्मभर तुझ्याशी बोलल्या नाहीत तरी चालेल.

शहाणपणा करून ते खोकं मी त्याच्या हाती द्यायला नको होतं. देव करो आणि हे लिहिलेलं वाया जावो.

ताई

—

लेइमातुआ
२० जून १९९७

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तार तुला पोचली होती, भाऊजींचं उत्तरही आलं. तरी सगळं लिहिते. तुझ्याशिवाय कुणाला सांगायची सोय नाही.

गाडी न्यायला मोसेसे सकाळी आले, वन्संही आल्या. केपुएलीने मोसेसेंना सांगितलं, दुसऱ्या गिअरवर ने, हळू ने. तीनतीनदा सांगितलं, का ते सांगितलं नाही. दगड मागेच होता. वन्संना पाहुण्यांसाठी चटया अंथरायच्या होत्या. त्या म्हणाल्या, हा धोंडा कुणी ठेवलाय घाणेरडा, आणि मोसेसेंकडून तो आमच्या दारात उतरवून घेतला. लुपे म्हणाली, आत्या, तो कंडक्टर आहे. वन्संनी तिचा मुका घेतला आणि म्हणाल्या, आज कंडक्टरला सुट्टी. मी दारात उभी होते. केपुएलीही. आम्ही दोघांनी त्या दगडाकडे बघितलं आणि गाडी गेली.

धक्क्याच्या उतारावर पाय सरळ खाली गेला, असं मोसेसे सांगतात. गाडी बंदराच्या भिंतीवर आदळली. त्यांचा हात मोडला. वन्सं हॉस्पिटलात नेईपर्यंतही राहिल्या नाहीत. हाआपाईची मंडळी बोटीवरून हे सगळं बघत होती. स्वागताचं गाणं म्हणायचं ठरवून आली होती ती.

मयताचं तुला ठाऊकच आहे. भावाचं घर म्हणजे आम्ही सगळ्यांत खालच्या मानाचे. डोक्यापर्यंत फाटक्या चटया गुंडाळून मागच्या अंगणात चुलींपाशी. केपुएलीला बहिणीचं तोंड बघता आलं नाही. तो भुईतल्या चुलीत दगड तापवत होता, धुराने डोळे सुजले होते, आणि त्याचं त्याला बरं वाटत असावं. रिवाजाप्रमाणे लुपेचे केस कापले. तिने विचारलं, आत्याला माझे केस आवडायचे ना, मग का कापता? आईच्या न्गातूचा उरलेला अर्धा मी वन्संच्या खाली अंथरायला पाठवला. अर्धाच का, असं कुणीतरी विचारलं. मी म्हटलं, उंदरांनी खाल्ला.

मनासे दफनाच्या आदल्या दिवशी पोचला. आधीच्या विमानांत जागा नव्हती. आईपाशी बसायचं सोडून दुपारी तो मागे आला, चुलींपाशी, जिथे त्याने यायचं नसतं. हातात खोकं होतं, दोरी तशीच. केपुएली उठून उभा राहिला, हाताची राख चटईला पुसली आणि दोन्ही हात पुढे करून खोकं घेतलं. मनासे खाली मातीत बसला. म्हणाला, मामा, गाडी कशी होती ते मला खरं सांगा.

शेजारी हेपेती डुक्कर भाजत होता. त्याची मान खाली गेली. मी केपुएलीकडे बघत होते. मला वाटलं, आता बोलेल. इतके महिने जे गिळलं ते सगळं ओकून टाकेल, आणि बोलावंच असं मला वाटत होतं. मला त्या पोराला मातीत लोळलेलं बघायचं होतं, ताई. खरं सांगते.

केपुएली म्हणाला, चांगली होती. पहिल्या दिवसापासून चांगली होती. एक स्क्रूसुद्धा पिळावा लागला नाही.

मनासे त्याच्याकडे बघत राहिला. त्याला सगळं माहीत होतं, तूच सांगितलं होतंस. आणि ते त्याला माहीत आहे, हे केपुएलीला माहीत नव्हतं. मग मनासे मामाच्या पायांवर डोकं ठेवून जो रडला, तो त्याला उचलून नेईपर्यंत. भाच्याने मामाच्या पायांवर डोकं ठेवलेलं आमच्या गावात कुणी कधी पाहिलं नव्हतं.

तुझं सत्तावीस तारखेचं पत्र दफनानंतर आलं. ती बाई वाटेत राजधानीत, नुकूअलोफाला, नातेवाईकांकडे राहिली होती. मी ते केपुएलीला वाचून दाखवलं, पलंगाखालच्या खोक्याचं आणि तू मनासेला सांगितल्याचंही. तो ऐकत होता. मग बराच वेळ बाहेर जाऊन बसला, त्या दगडावर. दगड अजून दारातच आहे, हलवायला कुणी तयार नाही.

तू स्वतःला दोष देऊ नकोस असं मी लिहिणार नाही, कारण मग मला स्वतःलाही देता येणार नाही. मी पायांचं बोलले. ब्रेक हा एक शब्द होता.

लुपेचं इंजेक्शन गेल्या सोमवारी झालं. बस आली नाही, म्हणून केपुएलीने तिला पाठीवर घेतलं आणि चालत नेलं. कापलेल्या केसांची तिला लाज वाटत होती, म्हणून वाटभर तिने त्याच्या मानेत तोंड लपवलं होतं. पुढच्या महिन्यातही तसंच नेणार म्हणतो.

आज पत्र लिहायला बसले तेव्हा मी त्याला विचारलं, ताईला काही कळवायचं आहे का? तो म्हणाला, खोकं पोचलं की कळव असं तिने लिहिलं होतं ना, मग कळव. सामान पोचलं. नवंकोरं आहे, काही मोडलेलं नाही.

आहे ती माया आमच्यावर राहू दे. दुसरं काही मागवत नाही.

तुझी
तोआकासे